पुस्तकात ठेवलेली हिशेबपट्टी

पाठ्यपुस्तकाच्या शिफारशीचा फॉर्म एकाच पानाचा. अभ्यासक्रमातले घटक आले आहेत का, भाषा मुलांना झेपेल का, उदाहरणं पुरेशी आहेत का, किंमत परवडेल का, आणि सगळ्यात खाली ‘ग्रंथालयासाठी प्रती घ्याव्यात का’. दहा मिनिटांचं काम. मला त्याला सात आठवडे लागले.

पुस्तक ‘बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स’ची, म्हणजे धंद्यातल्या नोंदी आणि माहिती सांभाळणाऱ्या व्यवस्थांची, तोंडओळख करून देणारं. जूनमध्ये कॉलेज उघडलं त्याच आठवड्यात प्रकाशकाचे प्रतिनिधी नमुना प्रत टेबलावर ठेवून गेले. जाडजूड, रंगीत, लेखक परदेशी, छपाई इथली. नाव देत नाही, कारण जे म्हणायचं आहे ते या एकाच पुस्तकाबद्दल नाही. वीस वर्षांत या विषयाची जी पुस्तकं हाताखालून गेली, त्यांतली बहुतेक याच वळणाची होती. हे त्यांतलं बरंच चांगलं, म्हणून तर इतके दिवस लागले.

आमच्याकडे वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला हा विषय असतो. वर्गात साठ-पासष्ट मुलं. निफाड, चांदवड, दिंडोरी, सिन्नरहून रोज एसटीनं येणारी बरीच, बाकीची सातपूर, सिडको, पंचवटी, नाशिकरोडची. कुणाच्या घरी द्राक्षबाग, कुणाच्या घरी कांदा, कुणाचे वडील अंबडला कंपनीत, कुणाचं मेनरोडला दुकान. या मुलांच्या हातात या विषयाचं पहिलं पुस्तक कोणतं द्यायचं, एवढाच प्रश्न होता. पण पहिल्या पुस्तकाची जोखीम मोठी असते. ते फसलं की मुलं ठरवून टाकतात, हा विषय म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांची नावं आणि इंग्रजी लघुरूपं पाठ करायची. मग पुढे कितीही शिकवा, ती गाठ सुटत नाही.

मी पाठ्यपुस्तक मागून वाचायला घेते. आधी शब्दसूची. लेखकाचा जीव कुठे अडकला आहे ते तिथे कळतं. या सूचीत ‘क्लाउड’पुढे पानांच्या आकड्यांची अख्खी ओळ होती, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’पुढे त्याहून मोठी. मग मी माझे नेहमीचे शब्द शोधले. स्टोअरकीपर. नोंद करणारा कारकून. मापाचं एकक. चुकीची नोंद. चारांतला एकही नव्हता. तेव्हाच पुस्तक बाजूला ठेवलं असतं तर अन्याय झाला असता, कारण पाचवं प्रकरण मी अजून वाचलं नव्हतं.

पाचवं प्रकरण डेटाबेसचं आहे आणि ते मनापासून लिहिलेलं आहे. बहुतेक पुस्तकं टेबल म्हणजे काय, रो म्हणजे काय असं सुरू करतात. इथे पहिल्याच पानावर एका दुकानाची चार बिलं दिली आहेत, चारही एकाच गिऱ्हाइकाची, चारही बिलांवर त्याचा पत्ता. खाली एकच प्रश्न: या माणसानं घर बदललं तर किती ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल? मुलं बोट ठेवून मोजतात. एक जागा राहून गेली तर काय होईल, हे कुणी सांगावं लागत नाही. मग हळूहळू त्या बिलांचे तुकडे पडत जातात. गिऱ्हाइकांचं एक टेबल, बिलांचं एक, मालाचं एक, आणि कोणत्या बिलात कोणता माल किती गेला याचं एक. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये काम करताना १९७० साली मांडलेला रिलेशनल विचार इतक्या साधेपणानं समजावलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे.

हे प्रकरण वाचताना मला वडील आठवत राहिले. ते रविवार कारंजाजवळच्या एका घाऊक किराणा पेढीवर मुनीम होते. रोजचा व्यवहार कीर्दीत एकदाच लिहायचा आणि तिथून तो खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर न्यायचा. कीर्दीत एक अरुंद रकाना असतो, ‘खा. पा.’ म्हणजे खातेपान. ही रक्कम खतावणीच्या कितव्या पानावर गेली त्याचा आकडा तिथे. अकरावीला पुस्तपालन शिकलेल्या प्रत्येक मुलाला हा रकाना ठाऊक असतो आणि प्रत्येकानं तो कंटाळत भरलेला असतो. मी वर्गात फळ्यावर ‘खा. पा.’ लिहिलं आणि म्हटलं, पुस्तकात ज्याला फॉरेन की म्हटलंय ती हीच. एका नोंदीच्या हातात दुसऱ्या नोंदीचा पत्ता. मागच्या बाकावरून आवाज आला, “एवढंच?” एवढंच. त्या दिवशी पाचवं प्रकरण दीड तासात संपलं.

पहिल्या प्रकरणाशी मात्र मी तीन तास झगडले. तिथे डेटा, इन्फर्मेशन आणि नॉलेज यांची उतरंड आहे. डेटा म्हणजे कच्चा माल, त्यावर प्रक्रिया केली की इन्फर्मेशन, त्याच्यावर नॉलेज. इंग्रजीत वाचताना सगळं सुरळीत वाटतं. मराठीत सांगायला गेलं की पहिल्या दोन पायऱ्या एकच होतात. “मॅडम, डेटा म्हणजे पण माहितीच ना?” हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. ‘विदा’ हा शब्द आहे, पण तो मुलांच्या तोंडात नाही. मी कित्येक वर्षं दोन्ही इंग्रजी शब्द तसेच ठेवून पुढे जात असे. मग कधीतरी लक्षात आलं की वडिलांच्या पेढीवर या दोन गोष्टींना दोन शब्द होतेच. लिहिली जाते ती नोंद. कळते ती माहिती. नोंद वहीत असते, माहिती माणसाला होते. “अमक्याच्या उधारीची नोंद आहे का?” आणि “अमक्याची तुम्हाला काही माहिती आहे का?” हे दोन प्रश्न कुणीही गोंधळत नाही. दुसरा प्रश्न विचारला की वडील वही उघडायचेच नाहीत. किंवा उघडलीच तर खात्याच्या नावाशेजारी शिसपेन्सिलीनं दिलेला बारीक ठिपका बघायचे. उशिरा पैसे देणाऱ्यांपुढे ते असा ठिपका देत. तो हिशेबाचा भाग नव्हता, पण पुढचं पोतं उधार सोडायचं की नाही ते त्यावर ठरायचं.

पुस्तकात गिऱ्हाइकांशी संबंध राखणाऱ्या प्रणालींवर अख्खं प्रकरण आहे. आठ कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचे पडदे छापले आहेत. पण त्या सगळ्याचा उगम अशा ठिपक्यात आहे, समोरच्या माणसाबद्दल आपल्याला काय लक्षात ठेवायचं आहे या गरजेत आहे, हे त्यात सापडत नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी वर्गाला सांगितलं, व्यवहाराचा एक खरा कागद घेऊन या. घरातला, दुकानातला, कंपनीतला, कुठलाही.

सगळ्यात जास्त आली ती दुकानांची बिलं. त्यांच्यावरचा जीएसटी क्रमांक आम्ही वाचायला घेतला. १ जुलै २०१७ पासून तो आपल्या रोजच्या कागदांवर आहे आणि कुणीही तो वाचत नाही. पंधरा चिन्हं. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा चिन्हं म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन, मग त्याच पॅनवर त्या राज्यातली ही कितवी नोंदणी, मग सहसा इंग्रजी झेड, आणि शेवटी एक पडताळ्याचं चिन्ह, आधीच्या चौदांवरून गणितानं काढलेलं. टाइप करताना मधला एखादा आकडा चुकला की शेवटचं चिन्ह जुळत नाही आणि चूक जागच्या जागी उघडी पडते. मुलांनी आपापली बिलं पाहिली. सगळीकडे सुरुवातीला २७, म्हणजे महाराष्ट्र. एका मुलीच्या बिलावर २४ होतं. बहिणीच्या लग्नाच्या साड्या सुरतेहून आणल्या होत्या, २४ म्हणजे गुजरात. वर्ग त्या बिलाभोवती गोळा झाला. नोंद करतानाच चूक कशी अडवायची यावर पुस्तकात अर्धं पान आहे, आणि उदाहरण आहे परदेशी बँक खात्याचं.

मग निफाड तालुक्यातल्या एका मुलानं शर्टाच्या खिशातून चौघडी घातलेला एक कागद काढला. बाजार समितीतल्या कांदा विक्रीची हिशेबपट्टी, व्यापाऱ्याच्या खळ्यावर मिळालेली. पातळ पिवळसर कागद, कार्बनची निळी अक्षरं, एका कोपऱ्यावर मातीच्या बोटाचा ठसा. मी ती फळ्यावर जशीच्या तशी उतरवली. भरलेल्या ट्रॉलीचं वजन ५८.६० क्विंटल. रिकाम्या ट्रॉलीचं ३५.२०. निव्वळ २३.४०. भाव १,४५०. एकूण ३३,९३०. खाली हमाली, तोलाई, वाराई अशा वजावटी, आणि शेवटी हातात येणारी रक्कम.

या कागदाला एक तास पुरला नाही, आम्ही दुसऱ्या दिवशीचाही तास घेतला. ट्रॅक्टर आवारात आला, लिलावाला उभा राहिला, बोली झाली, सौदापट्टी मिळाली, मग वजनकाट्यावर गेला, खळ्यावर माल उतरला, परत रिकामं वजन झालं आणि मग ही हिशेबपट्टी. प्रत्येक टप्प्यावर कोण काय लिहितो, कुणाच्या शब्दावर लिहितो, त्याची प्रत कुणाकडे राहते. आवारात न गेलेल्या मुलांना लिलाव म्हणजे काय हे सांगायला तीन जण उठले. पुस्तकातली सिस्टिमची व्याख्या, माणसं, कार्यपद्धती, नोंदी, यंत्रं आणि त्यांना जोडणारं जाळं, सगळी त्या पट्टीमागे उभी राहिली. कॉम्प्युटर त्यात शोधावा लागत होता.

मग मी विचारलं, यातली नोंद कोणती आणि माहिती कोणती? बरेच जण म्हणाले, वजनं म्हणजे नोंद आणि हातात आलेली रक्कम म्हणजे माहिती. पुस्तकाप्रमाणे हे बरोबरच. पण तो मुलगा म्हणाला, “पप्पा घरी आल्यावर नुसती पट्टी नाही बघत मॅडम. मागच्या दोन-तीन पट्ट्या काढून तिच्याशी लावून बघतात.” कशासाठी? “चाळीतला बाकीचा कांदा काढायचा की थांबायचं, ते ठरवायला.”

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरतात. तो रोज थोडा घटतो, थोडा सडतो. थांबलं तर भाव चढेल, किंवा चढणार नाही. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढली तर चांगल्या मालाला भाव बरा मिळतो, पण निवडायची मजुरी वाढते. सकाळी गावातून दहा फोन जातात, आज भाव काय फुटला. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या पाच महिन्यांत घरोघरी हा निर्णय कसा झाला असेल, ते वर्गातल्या निम्म्या मुलांनी पाहिलं आहे. पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात ठरीव, अर्धठरीव आणि अनिश्चित निर्णयांचा तक्ता आहे. गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी १९७१ मध्ये मांडलेला. त्यांनी रॉबर्ट अँथनी यांच्या १९६५ च्या तीन पातळ्या घेतल्या, रोजचं कामकाज, व्यवस्थापनाचं नियंत्रण आणि दूरचं नियोजन, आणि त्यांना निर्णयाच्या प्रकारांशी ताडून पाहिलं. पाया भक्कम आहे. पण पुस्तकात त्याचं उदाहरण म्हणून विमान कंपनीनं नवा मार्ग सुरू करावा का, असा प्रश्न आहे. ज्या मुलानं चाळीपाशी उभं राहून बापाला विचार करताना पाहिलंय, त्याला विमान कंपनीपर्यंत पाठवायची गरज काय?

परदेशी उदाहरणं नकोत, असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट एक परदेशी गोष्ट यात नाही याची मला हळहळ वाटली. पुस्तकातला इतिहास युद्धकाळातल्या तोफांच्या गणितांपासून सुरू होतो आणि मग थेट मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या यंत्रांवर येतो. मध्ये लायन्स राहून गेली. लंडनची जे. लायन्स अँड कंपनी, चहा, केक-पाव आणि चहाची दुकानं हा धंदा. त्यांच्या दोन अधिकाऱ्यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत जाऊन नवी गणनयंत्रं पाहिली. परत येऊन कंपनीनं केंब्रिजच्या यंत्राच्या धर्तीवर स्वतःच एक बांधलं आणि त्याला नाव दिलं लिओ. १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाच्या मूल्यांकनाचं काम नियमितपणे होऊ लागलं. धंद्याच्या रोजच्या कामाला लागलेला तो पहिला कॉम्प्युटर. पुढे त्यांनी दुकानांच्या रोजच्या मागण्या त्यावर घेतल्या. प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी आत ठरलेली असायची, दुकान सांभाळणारी बाई फोनवर फक्त बदल कळवायची, आज इतके जास्त, इतके कमी. जे नेहमीचं आहे ते पुन्हा विचारायचं नाही. आमच्या गल्लीतला दूधवाला हेच करतो. रोज दोन पिशव्या ठरलेल्या, पाहुणे आले तर तेवढं आदल्या रात्री सांगायचं. ही गोष्ट सांगितल्यावर एका मुलीनं विचारलं, चहाच्या कंपनीला हे आधी कसं सुचलं? मी म्हटलं, त्यांच्याकडे हजारो छोटी-छोटी बिलं होती आणि प्रत्येक बिलावर नफा अगदी थोडा. एवढ्या बारीक नफ्यात कारकुनीचा खर्च सोसत नाही.

आता ईआरपीचं प्रकरण, म्हणजे खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं. इथे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

शिकवायला लागण्याआधी मी चार वर्षं अंबडमधल्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. गाड्यांचे सुटे भाग बनायचे. इनवर्ड रजिस्टर, चलन, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची पावती, प्रत्येक मालाचं बिन कार्ड म्हणजे त्याच्या शिल्लकीचं कार्ड, सगळं हातानं. मग नवी प्रणाली आली आणि एका शनिवार-रविवारी सगळा शिल्लक साठा तिच्यात भरायचा होता. तो भरणाऱ्यांत मी होते. एक माल होता, वीस मिलिमीटर जाडीचे पोलादी गोल बार, तीन मीटर लांबीचे. खरेदी किलोत व्हायची, उत्पादन विभागाला माल सुटायचा नगांत. बिन कार्डावर दोन्ही आकडे असायचे, वापरणाऱ्याला कोणता कशाचा ते माहीत. मी १,८५० हा आकडा घेतला आणि टाकला. तो किलोचा होता. रकाना नगांचा होता. एका बारचं वजन साधारण सात किलो चारशे ग्रॅम, म्हणजे रॅकवर बार होते अडीचशे.

पडद्यावर १,८५० नग दिसत होते. त्यामुळे नवी ऑर्डर सुटायचं कारणच नव्हतं. आमच्याबरोबर एक जुने मदतनीस होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात ते मला म्हणाले, “ताई, त्या बारच्या रॅकवर एकदा नजर टाका.” मी पडद्यावर पाहिलं आणि म्हटलं, “मामा, भरपूर आहेत.” ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी पुन्हा म्हणाले. मी पुन्हा पडदाच पाहिला. शनिवारी दुसऱ्या पाळीत लाइन थांबली. रॅकवर चार बार होते.

त्या रात्री सुपरवायझर ओरडले ते मी विसरले. मामांनी दोनदा सांगितलं होतं आणि रॅक माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर होता, हे अजून विसरता येत नाही.

पुस्तकात ईआरपी अपयशाची गोष्ट आहे ती हर्शी कंपनीची. १९९९ साली नवी प्रणाली सुरू केली आणि हॅलोविनच्या ऐन हंगामात गोदामात माल असूनही तो दुकानांपर्यंत वेळेवर गेला नाही. गोष्ट खरी आणि शिकण्यासारखी आहे. पुस्तक तिच्यातून घाई, नियोजन आणि प्रशिक्षण असे तीन धडे काढतं. पण एखादी प्रणाली नेमकी कोणत्या रकान्यात, कुणाच्या हातून, किती वाजता चुकते हे कुठेच दिसत नाही. ‘कचरा आत, कचरा बाहेर’ हे वाक्य चौकटीत छापलं आहे. माझा १,८५० हा आकडा कचरा नव्हता. तो बरोबर होता, बरोबर मोजलेला होता, फक्त त्याचं एकक सुटलं होतं. नव्यानं शिकणाऱ्या मुलांना हे कळायला हवं की चूक बहुतेकदा अशी सभ्य कपड्यांत येते. आणि पडदा आणि रॅक यांत फरक पडला तर उठून रॅक बघायचा, हे कुठल्यातरी पानावर असायला हवं.

असाच एक मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. युरोपला द्राक्षं पाठवायची तर बागेची नोंदणी लागते. शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन व्यवस्थेत बाग, तिथून घेतलेला नमुना, प्रयोगशाळेचा अवशेष तपासणी अहवाल, पॅकहाऊस आणि कंटेनर अशी साखळी जोडलेली असते. तिकडच्या दुकानातली पेटी मागे नेत-नेत बागेपर्यंत आणता येते. दिंडोरीच्या मुलींना हे घरून माहीत आहे. पुस्तकात मालाचा माग काढण्यावर एक परिच्छेद आहे, अमेरिकेतल्या सुपरमार्केटचा. पण मला वर्गात सांगायचं होतं ते २०१० चं. त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अवशेष तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडकला. वेलीची वाढ आवरायला वापरतात ते संजीवक, बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. नोंदी होत्या, प्रयोगशाळा होत्या, अहवाल होते, माग काढायची साखळीही होती. तपासायच्या रसायनांच्या यादीत मात्र ते नाव नव्हतं.

हे सांगितल्यावर वर्ग शांत झाला. एका मुलीनं हात वर केला. तिच्या आजोबांचा माल त्या वर्षी होता. “आजोबा म्हणतात, आमचा रिपोर्ट चांगला आला होता.” मी तिला म्हटलं, रिपोर्ट चांगलाच होता, त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्यानं दिलं. जे विचारलंच नाही ते तो कुठून सांगणार. मग आम्ही पुस्तक उघडलं आणि ‘गरजा ठरवणे’ हा सहा ओळींचा भाग पुन्हा वाचला, जो मुलांनी आधी सोडून दिला होता. नवी प्रणाली उभी करताना सुरुवातीलाच करायचं ते काम आहे, कुणाला काय जाणून घ्यायचं आहे ते विचारून यादी करणं. त्या सहा ओळी आता सगळ्यांना कळल्या. पुस्तकात त्या होत्याच, आणि नेमक्याही होत्या.

प्रकरणांच्या शेवटचे प्रश्न हा या पुस्तकाचा सगळ्यात कच्चा भाग. व्याख्या द्या, फरक सांगा, पाच फायदे लिहा. असे प्रश्न परीक्षेत येतात, म्हणून ते असणार. पण मुलाला खुर्चीवरून उठवणारा एकही प्रश्न नाही. कागद आणायला सांगितल्यावर या मुलांनी काय-काय आणलं! औषधाच्या दुकानात बसणारा एक जण बॅच क्रमांक आणि मुदत संपत आलेल्या गोळ्या परत पाठवायची यादी घेऊन आला. एकीची आई एसटीत वाहक आहे. तिनं आईला बसवून जुन्या वे-बिलाची गोष्ट लिहून आणली. ट्रेमधल्या प्रत्येक दराच्या तिकिटाचा सुरुवातीचा क्रमांक, मग टप्प्याटप्प्याला कितवं तिकीट चालू आहे तो आकडा. मध्येच मार्गतपासनीस चढला तर वे-बिल आणि गाडीतली माणसं ताडून पाहायला त्याला फार वेळ लागायचा नाही. आता मशीन आहे, बटण दाबलं की तिकीट. तिनं शेवटी लिहिलं होतं की आईला मशीन आवडतं, हात दुखत नाही, पण उतरताना सगळा हिशेब आधीच डोक्यात असायचा तो आता नसतो. दोन पानं, निळ्या शाईत. मी ती घरी नेऊन पुन्हा वाचली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म भरला. अभ्यासक्रम: आहे. भाषा: सोपी, परंतु पहिल्या आणि नवव्या प्रकरणाला मराठी जोड लागेल. उदाहरणं: पाचव्या प्रकरणात उत्तम, इतरत्र दूरची. प्रती घ्याव्यात का: होय, वीस. चाळीस मागायचा विचार होता. उरलेल्या पैशात या वर्षी मुलांनी आणलेल्या कागदांचं एक पुस्तक बांधून घ्यावं, अशी वेगळी विनंती जोडली. सुरतेचं बिल, वे-बिल, औषधाची यादी, बिन कार्डाचा नमुना मी आठवून काढलेला, आणि कांद्याची पट्टी, प्रत्येकाखाली चार प्रश्न. ते पाचव्या प्रकरणाइतकं सुबक होणार नाही. पण दोन्ही शेजारी उघडी ठेवून शिकवता येईल.

पट्टी इतके दिवस माझ्याकडेच होती. नमुना प्रतीत खुणेसाठी ठेवली होती, नवव्या प्रकरणात. फॉर्म दिला त्याच दुपारी तो मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आला.

“मॅडम, ती पट्टी द्याल का? पप्पांना पाहिजे.”

“अरे, मी झेरॉक्स काढणार होते. घाई आहे का?”

“पैसे नाही आले अजून. उद्या पप्पा चाललेत विचारायला, सोबत पट्टी न्यावी लागेल.”

मी पुस्तक उघडलं. दोन तास आम्ही त्या कागदाचा एकेक रकाना वाचला होता. पैसे कोणत्या तारखेला मिळणार, याचा रकाना त्यावर नव्हता, आणि पासष्ट जणांपैकी कुणी तो विचारला नव्हता, मीही नाही. पट्टीची चौघडी पानांच्या दाबानं सपाट झाली होती. मी ती त्याच्या हातात दिली. त्यानं ती पुन्हा पहिल्यासारखी दुमडली आणि साडेतीनची निफाडची गाडी पकडायला धावत निघाला.